लाल तेल म्हणजे एटीएफ नव्हे: बडोद्यात जुन्या मर्सिडीजच्या गिअरबॉक्सपायी झालेली फसवणूक

जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल बदलायला निघालेल्यांनी हे आधी वाचा. बाबांच्या १९८३ च्या मर्सिडीज २४० डी मध्ये बडोद्यातल्या एका दुकानदाराने एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये लागणारं खास तेल) म्हणून लाल रंग घातलेलं हायड्रॉलिक ऑइल भरलं. पैसे अस्सल मालाचे घेतले, शिवाय जे भरलंच नाही त्याचेही लावले. तक्रार चालू आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण माल कसा गळ्यात मारला आणि लबाडी कशी उघडी पडली, ते सगळं सांगतो. तसलेच डबे आणखी घरांत पोचले असणार, याबद्दल मला शंका नाही.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्यांचा २१ गन सॅल्यूट सोहळा झाला. त्यानंतर आमच्या ओळखीतल्याच कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं शेडमध्ये पडलेल्या गाड्या बाहेर काढल्या. गाड्या निघाल्या तसे ‘क्लासिकचा खास माल’ ठेवणारेही निघाले. या दुकानाला जोडून गॅरेज होतं, मालक बोलायला गोड, आणि काउंटरमागे परदेशी डब्यांची रांगच्या रांग.

गाडीच्या पुस्तकात डेक्सरॉन २ लिहिलंय. डेक्सरॉन हे एटीएफसाठीचं जनरल मोटर्सचं मानक. पहिलं १९६७ चं, दुसरं १९७३ च्या सुमाराला आलं, तिसरं १९९३ ला आणि सहावं २००५ ला. ऑटोमॅटिकमध्ये हे तेल फक्त वंगण नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच इंजिनाची ताकद पुढे नेतं, त्याच्याच दाबाने क्लच आणि बँड आवळले जातात, आणि घर्षणाच्या पट्ट्यांनी किती झटक्याने धरायचं हे त्यातली रसायनं ठरवतात. या कामासाठी एकेकाळी स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळत. अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि कंपन्यांना सगळी कृती नव्याने बसवावी लागली. नुसत्या तेलात आणि एटीएफमध्ये एवढं अंतर आहे. लाल रंगाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. गळती झाली तर ती इंजिन ऑइलची नाही हे ओळखू यावं म्हणून रंग घालतात, आणि तो कुणालाही कशातही घालता येतो.

मी डेक्सरॉन २ मागितलं. मालक म्हणाला, ते बंद झालं, त्याजागी डेक्सरॉन ३ चालतं. इथपर्यंत बरोबर होतं. मी पुस्तकाचं पान पुढे केलं तर हाताने बाजूला सारून म्हणाला, “साहेब, हवे तो बधामां आ ज चाले छे.” म्हणजे आता सगळ्यात हेच चालतं. डब्यावर ‘जनरल मोटर्स मान्यताप्राप्त डेक्सरॉन ३’ असं ठळक छापलेलं, खाली परवाना क्रमांक, पॅकिंग २०२४ चं. लिटरला साडेआठशे रुपये. आठ डब्यांचं पक्कं बिल केलं, सात गाडीत गेले असं सांगितलं आणि आठवा सीलबंद डबा टॉप-अपसाठी डिकीत ठेवून दिला. पुढे तोच पुराव्याला आला.

काही दिवस गाडी ठीक चालली. मग बडोद्याचा एप्रिल तापला आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन मोकळं सुटल्यासारखं ओरडायला लागलं. आरपीएम वर जायचे, गाडी जागच्या जागी, मग धाडकन गिअर बसायचा. रिव्हर्स टाकला की गाडी क्षणभर विचार करत उभी. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: “गाडी जुनी आहे, गिअरबॉक्स संपत आलाय, उघडावा लागेल.” उघडायचा खर्चही त्यानेच सांगितला. म्हणजे बिघाड त्याचा आणि दुरुस्तीचं गिऱ्हाईकही त्याचंच.

बाबा तिथून निघाले आणि गाडी मकरपुऱ्यातल्या एका वयस्कर उस्तादांकडे नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवून, गिअर पी (पार्किंग) मध्ये घालून डिपस्टिक ओढली. काडीवर तेलाची पातळी दिसायच्या जागी गुलाबी फेस, साबणाच्या पाण्यासारखे बारीक बुडबुडे. फेस म्हणजे तेलात हवा, आणि हवा दाबली जाते म्हणून क्लचला दाब पुरा पोचत नाही. मग त्यांनी चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवलं. तळाशी पट्ट्यांची काळी भुकटी बोटाला लागत होती. त्यानंतर बॅटरीच्या उजेडात त्यांनी आम्हाला कन्व्हर्टरचा ड्रेन प्लग दाखवला. या मर्सिडीजमध्ये इंजिन हाताने फिरवून तो प्लग खालच्या खिडकीसमोर आणावा लागतो, तेव्हा कन्व्हर्टर रिकामा होतो. प्लगच्या खाचेत जुनी माती दगडासारखी बसलेली. पाना कधी लागलाच नव्हता. म्हणजे फक्त चेंबरचं तेल काढून तेवढंच भरलं होतं, आणि त्यात सात लिटर बसूच शकत नाही. बाकीच्या डब्यांचे पैसे सरळ खिशात. कन्व्हर्टरमध्ये जुनं, योग्य तेल राहिलं म्हणून गिअरबॉक्स पुरता गेला नाही, असं उस्तादांचं मत आहे आणि मला ते पटतं.

सीलबंद डबा आम्ही तपासणीला दिला. खऱ्या डेक्सरॉन ३ ची चिकटता ४० अंशाला साधारण ३४-३५ सेंटिस्टोक्स भरते. आमच्या नमुन्याची ६७ आली. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पिंपाने मिळणारं ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल नेमकं तसंच असतं. व्हिस्कॉसिटी इंडेक्स, म्हणजे तापमान बदललं तरी चिकटता किती टिकते याचा आकडा, शंभराच्याही खाली आला, चांगल्या एटीएफचा दीडशेच्या वर असतो. थंडीत जाड, उन्हात पातळ, असं ते तेल.

डबाही बोलका निघाला. प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाशी साच्याने उमटवलेलं घड्याळासारखं वर्तुळ असतं, त्यात डबा कधी घडवला ते महिना-वर्ष कळतं. आमचा डबा २०१७ चा, पॅकिंगची तारीख २०२४ ची, आणि ती तारीख पेट्रोलच्या बोळ्याने पुसली गेली. भंगारातून रिकामे डबे उचलून भरले असणार. सगळ्यात मोठा पुरावा तर समोरच छापलेला होता. जनरल मोटर्सने डेक्सरॉन ३ चे परवाने देणं २००६ अखेर बंद केलं. २०२४ च्या डब्यावर त्या परवान्याचा क्रमांक असूच शकत नाही. सरळ व्यवहाराच्या कंपन्या ‘डेक्सरॉन ३ लागतं तिथे वापरण्यास योग्य’ एवढंच लिहितात, आणि मर्सिडीजची मान्यता असेल तर २३६ ने सुरू होणारा क्रमांक देतात.

‘सगळ्यात हेच चालतं’ हे वाक्य ऐकलं की बिल करू नका. जुन्या फोर्डना आणि बॉर्ग वॉर्नर ३५ गिअरबॉक्स असलेल्या अनेक ब्रिटिश गाड्यांना टाइप एफ हे वेगळं एटीएफ लागतं. त्यात घर्षण मऊ करणारी रसायनं नसतात, पट्ट्या करकचून धरतात. त्या गाडीत डेक्सरॉन घातलं तर क्लच घसरतो. सहावं डेक्सरॉन मागच्या सगळ्यांच्या जागी चालतं असं जनरल मोटर्स म्हणते, पण ते मुळात पातळ आहे, आणि चाळीस वर्षांच्या सीलवर मी ते घालणार नाही.

दुकानदाराने अहवाल पाहून कानांवर हात ठेवले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथे उडवाउडवीचीच उत्तरं आली, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिल, डबा आणि अहवाल असल्याशिवाय मात्र कुणी ऐकून घेत नाही, तेव्हा रिकामे डबेसुद्धा दुकानात सोडून येऊ नका. तेल बदलताना समोर उभे राहा, कन्व्हर्टरचा प्लग उघडताना बघा, निघालेलं तेल मापात घ्यायला लावा.

असलं तेल आधीच भरलं असेल आणि डिपस्टिकवर फेस दिसत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. दोरी बांधून ओढूही नका, कारण बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून न्या, आणि निघालेल्या तेलातलं अर्धा लिटर स्वच्छ काचेच्या बाटलीत तारीख घालून घरी ठेवा.