बी.एड. की टॅली? बदलीच्या संसारातला हिशेब

नेव्ही नगरात, म्हणजे आमच्या नौदलाच्या वसाहतीत, नवं बिऱ्हाड लागलं की पडदे टांगून व्हायच्या आत एक प्रश्न येतोच: "ताई, मुंबईत आहोत तोवर मी काय करू?" परवा विचारणारी मुलगी बी.कॉम. झालेली, पदरात तीन वर्षांचं पोर, आणि नवऱ्याचं जहाज महिन्याभरात निघणार. बी.एड. करून शाळेत शिरावं की टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि जीएसटी शिकून हिशेबाचं काम धरावं, एवढंच तिला ठरवायचं होतं. पगार कशात जास्त, हे तिनं आधी विचारलं. मी उलट विचारलं, पुढच्या पोस्टिंगची ऑर्डर येईल त्या दिवशी यातलं ट्रकमध्ये काय चढेल?

बी.एड.ला आपल्याकडे मान आहे, आणि तो उगाच नाही. शाळेची वेळ पोरांच्या वेळेशी जुळते. जहाज समुद्रात असताना घरात दुसरं माणूस नसतं, तेव्हा दुपारी घरी परतता येणं ही पगाराइतकीच मोठी गोष्ट. केंद्रीय विद्यालय, आर्मी पब्लिक स्कूल, नेव्ही चिल्ड्रन स्कूल यांपैकी काही ना काही बहुतेक छावण्यांच्या आसपास सापडतं. पदवी देशभर चालते, आणि सीटीईटीचं, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचं, प्रमाणपत्र 2021 पासून आजन्म वैध आहे.

अडचण वेळेची. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं, आणि आपला एका गावातला मुक्कामही साधारण दोन-तीन वर्षांचाच. आल्या आल्या सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दिली तर जमतं. "जरा घर लागू दे" म्हणत सहा महिने गेले की प्रवेशाचं एक वर्ष हातचं जातं. मध्येच बदली झाली तर अर्धवट कोर्स दुसऱ्या विद्यापीठात नेणं महाकटकटीचं.

त्याहून मोठी मेख फार कमी जणींना ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2023 च्या निकालानंतर प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. केंद्रीय विद्यालयात माध्यमिक वर्गांसाठी पदवीला गणित, विज्ञान, इंग्रजी, हिंदी असे शालेय विषय हवेत. नुसत्या बी.कॉम.वर तिथे दार उघडत नाही. अकरावी-बारावीला कॉमर्स शिकवायचं तर एम.कॉम. हवं. म्हणजे या मुलीसाठी बी.एड. दोन वर्षांचं नाही, एम.कॉम. धरून चार वर्षांचं प्रकरण होतं.

आणखी एक: कंत्राटी शिक्षकांच्या मुलाखती केंद्रीय विद्यालयांत साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकतात. आपण मे-जूनमध्ये सामान घेऊन पोचतो. त्यामुळे बदलीची कुणकुण लागताच नव्या गावातल्या शाळेची वेबसाइट बघत राहायचं. एवढं करूनही तिसऱ्या शाळेत आपण पुन्हा सगळ्यात नवख्या. मला हेच सर्वांत खुपतं.

आता हिशेबाचं काम. टॅली काही महिन्यांत हाताला बसतं. मुंबईचा खरा फायदा इथे आहे: फोर्टातली सीए मंडळींची ऑफिसं बेस्टच्या एका बसवर आहेत. पहिलं वर्ष घरून काम मागू नका, तिथे बसूनच शिका. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 कफ परेडपर्यंत आल्यानं बीकेसीतली ऑफिसंही आवाक्यात आलीत. माणसांची ओळख आणि भरवसा तयार झाला की तेच काम पुढे कोचीहून करता येतं. पोर्ट ब्लेअरहूनसुद्धा, 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल पोचण्याआधी तिथल्या नेटवर कुणी असं म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. गाव बदलतं, अनुभवाची वर्षं मात्र मोजली जात राहतात.

पण महिन्याच्या 7 ला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, 11 ला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, 20 ला 3बी हे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न. पॅकर्सचा ट्रक नेमका 19 ला दारात येतो, हा माझा अनुभव. पोराला ताप आला म्हणून तारीख पुढे सरकत नाही. शाळेत निदान रजा तरी टाकता येते.

घरगुती धंद्याबद्दल थोडक्यात: क्वार्टरमधून व्यवसाय करायला परवानगी लागते, गिऱ्हाईक गेटवरच अडतं, आणि जीएसटी नोंदणी राज्यागणिक वेगळी. पायाभरणी झाली की उठायची वेळ येते. केंद्र सरकारची कायम नोकरी असेल तर 2009 च्या आदेशानुसार नवरा-बायकोला शक्यतो एका गावी ठेवतात. यातला "शक्यतो" नीट वाचा.

बायोडेटातली रिकामी वर्षं दोन्हीकडे नडतात. वसाहतीतलं वेल्फेअर सेंटर सांभाळलं असेल तर "समाजसेवा" लिहून सोडू नका. किती माल, किती रोकड, किती बायकांना कामं वाटून दिली, ते आकड्यांत लिहा.

माझं मत विचाराल तर: शालेय विषयातली पदवी हातात आणि मुंबईतले पहिलेच काही महिने असतील तर बी.एड. करा. कॉमर्स असेल, किंवा पोस्टिंगचं एक वर्ष उलटलं असेल, तर हिशेबाचं काम धरा. त्या मुलीनं टॅलीचा क्लास लावलाय. तिच्या वरच्या मजल्यावरची बी.एस्सी. गणितवाली सीईटीचा अभ्यास करतेय, आणि संध्याकाळी दोघींची पोरं आलटून पालटून एकीच्याच घरी असतात.