सिंगल की ट्विन: हायवेवर हरलेली गाडीच माझ्याकडे का राहिली

साडेतीन वर्षं माझ्याकडे दोन मोटरसायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक चारशे सीसीच्या आतली सिंगल, म्हणजे एका सिलिंडरची; दुसरी साडेसहाशेच्या घरातली पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारी शेजारी दोन सिलिंडरची. आता एकच उरली आहे. शीर्षकात गुपित फोडलंच आहे, तेव्हा उत्सुकता ताणत बसत नाही. पण ट्विन घेताना ज्यांनी मला ‘एकदा दोन सिलिंडर चालवलेस की परत एकाकडे बघणार नाहीस’ असं सांगितलं होतं, त्यांचं म्हणणं निम्मं तरी खरं निघालं. दोन्ही गाड्यांची नावं मुद्दाम सांगत नाही. नाव आलं की मुद्दा बाजूला राहतो आणि आपण कंपनीवरून भांडायला लागतो.

कागदावर ही तुलना बरोबरीची नाही, हे मान्य. पण माणूस प्रत्यक्षात अडकतो तो याच दोघींमध्ये. पाच-सहा वर्षं सिंगल चालवून झालेली असते, हात बसलेला असतो, आणि एक दिवस हायवेवर एखादी ट्विन आवाजसुद्धा न चढवता शेजारून निघून जाते. तिथून डोक्यात किडा शिरतो.

सिंगलची बाजू लंगडी कुठे पडते ते आधी सांगतो. फोर-स्ट्रोक सिंगलमध्ये क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमागे स्फोट एकच. उरलेली दीड फेरी इंजिन फ्लायव्हील नावाच्या जड चाकाच्या जिवावर, जवळजवळ उधारीवर फिरतं. त्यात पिस्टन एकटा आणि अंगाने थोराड. तो वरखाली होताना जी थरथर करतो, ती बॅलन्सर शाफ्ट (तोल साधायला फिरणारा वजनदार दांडा) बरीचशी गिळतो, सगळी नाही. त्यासाठी कंपन्यांनी काय काय खटाटोप केलेत! डुकाटीने १९९३ च्या सुपरमोनोमध्ये निव्वळ तोल साधायला एक जास्तीची कनेक्टिंग रॉड बसवली. केटीएमने २०१६ च्या ६९० ड्यूकला सिलिंडर हेडमध्ये दुसरा बॅलन्सर दिला. आपल्यासारख्यांच्या गाड्यांत एवढे लाड नसतात.

माझ्या सिंगलवर ऐंशीपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चालतं. नव्वदच्या पुढे आरशातलं चित्र विरघळायला लागतं. मागून काहीतरी मोठं येतंय एवढं कळतं, पण तो ट्रक आहे की बस, आणि आहे किती लांब, हे मान वळवूनच बघावं लागतं. शंभरवर तासभर राहिलो की उजव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. उतरल्यावर हेल्मेटचं बक्कल पहिल्या झटक्यात निघत नाही, बोटांना ते सापडतच नाही. नंबर प्लेटचा एक बोल्ट दोनदा वाटेत गळला. तिसऱ्यांदा थ्रेडलॉक (आटे सुटू न देणारा गोंद) लावून बसवला तेव्हा कुठे टिकला. (हँडलवर मोबाइल लावणाऱ्यांसाठी जाता जाता: मोटरसायकलच्या इंजिनाची जोरकस थरथर सतत लागली तर आयफोनच्या कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असं खुद्द ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं. ट्विन असली तरी माउंटखाली रबरी डँपर लावलेला बरा.)

ट्विनकडे वळू. इथे एक गोष्ट विचारून घ्यायची, ती म्हणजे क्रँक किती अंशांची, म्हणजे तिच्यावर दोन पिस्टन एकमेकांपासून किती कोनात बसवलेत. ट्विन म्हटली की सगळ्या सारख्या, असं नसतं. १९३७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन जोडीने वर आणि जोडीने खाली जायचे, आणि पुढे बहुतेक ब्रिटिश ट्विन त्याच वळणावर गेल्या. ठोके समान अंतरावर पडतात, पण थरथर सिंगलच्या जातीचीच. १८० अंशांच्या क्रँकमध्ये एक वर तर दुसरा खाली. होंडाची १९६५ ची सीबी ४५० तशी होती, कावासाकीची निंजा ६५० तशीच आहे. ही वरच्या आरपीएमला मोकळी पळते, खालच्या पट्टीत मला जरा कोरडी वाटते, पण ते कानाचं मत झालं. मग यामाहाने १९९५ च्या टीआरएक्स ८५० मध्ये २७० अंशांची क्रँक आणली आणि शेजारी शेजारी बसलेल्या दोन सिलिंडरमधून व्ही-ट्विनसारखा (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनासारखा) लंगडत पडणारा ठोका यायला लागला. एमटी-०७, २०१६ नंतरची आफ्रिका ट्विन, रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विन, सगळ्या त्याच वाटेवरच्या. माझीही २७० ची होती, आणि तुम्ही ट्विन घेणारच असाल तर माझं झुकतं माप हिलाच.

ती घेऊन पहिल्यांदा हायवेला लागलो तेव्हा आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता आला. उलटा, पण वाचता आला. दिवसभरात चारशे किलोमीटर करून उतरलो आणि बक्कल एका झटक्यात निघालं. डबलसीट, दोन्ही बाजूंना सामान, समोर चढ आणि गाडी सहाव्या गिअरमध्ये. मूठ पिळली की ती कुरकुर न करता उचलायची. सिंगलला त्याच चढावर दोन गिअर खाली यावं लागतं, आणि दर गिअरला मागे बसलेल्या बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटतं. तिचं मत तुम्ही विचारलंत तर हा लेख इथेच संपेल आणि ट्विन जिंकेल.

बाकीचे हिशेब पटकन उरकतो. ट्विन पेट्रोल जास्त पिते, पण भीती घालतात तेवढं नाही. सिग्नलला सारखं थांबावं लागलं की तिचा शेक मांड्यांना लागतो. सिंगलचाही लागतो, पण तिचा सोसवतो. प्लग एकाऐवजी दोन आणि माझ्या गाड्यांत व्हॉल्व्ह चारांऐवजी आठ, म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघायचे तर कामही दुप्पट. सिंगलचे टॅपेट मी घरी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन बघतो, सकाळचं काम सकाळीच संपतं. ट्विनची एकदा टाकी उतरवली, आत डोकावलो, टाकी परत चढवली आणि गाडी मुकाट्याने मेकॅनिककडे नेली. तुम्ही स्वतः पाना हातात घेत नसाल तर हा मुद्दा सोडून द्या.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती.

माझं पार्किंग तळघरात आहे. रॅम्प उतरलं की डावीकडे वळून गाडी नाकाने भिंतीकडे लावायची. फरशीला भिंतीकडे उतार आहे, पाणी वाहून जावं म्हणून ठेवलेला. डोळ्यांना तो दिसत नाही, चेंडू ठेवला तर हळूहळू घरंगळेल एवढाच. सिंगल तिथे आधीची सात वर्षं लावत होतो, पण उतार आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ट्विन आणली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं.

सीटवर बसून पायांनी मागे रेटली, हलेना. उतरलो. डावा हात हँडलला, उजवा मागच्या ग्रॅब रेलला, कंबर सीटला टेकवली आणि जोर लावला. वीतभर मागे आली. श्वास घ्यायला थांबलो तेवढ्यात ती वीतभर पुढे गेली. तिला धरायचं तर पुढचा ब्रेक दाबायला हवा, तो उजव्या मुठीला, आणि उजवा हात तर मागे अडकलेला. गाडी गिअरमध्ये टाकून थांबवावी तर परत ढकलता येत नाही. शेवटी एक लाकडी फळी आणून ठेवली. वीतभर मागे ढकलायची, फळी पायाने मागच्या चाकापुढे सरकवायची, दम घ्यायचा, पुन्हा वीतभर. अशा आठ-नऊ वितींनंतर हँडल वळवण्याइतकी जागा व्हायची. तोवर हेल्मेटच्या आत घाम यायचा, आणि अजून मी घराबाहेरही पडलेलो नसायचो.

मग उलटी का लावत नाहीस, असं बऱ्याच जणांनी विचारलं. लावून बघितली. समोर एक चारचाकी आणि बाजूला खांब. ट्विन वळवायला चार वेळा पुढे-मागे करावं लागायचं. सकाळचा घाम संध्याकाळी गाळायचा, एवढाच फरक.

एकदा बाहेरचं पाणी आत येऊन फरशी ओली झाली होती. सहाव्या का सातव्या वितीला बुटाचा तळवा सटकला आणि गाडी माझ्यापासून पलीकडे, उजवीकडे कलली. दोनशेच्या वर किलो पलीकडे जायला लागले की थांबवता येत नाहीत. आपण हँडल धरून तिला सावकाश झोपवायची, एवढंच आपल्या हातात. इंजिन बंद, वेग शून्य, चावी फक्त हँडल लॉक काढण्यापुरती फिरवलेली. ब्रेकचं लिव्हर टोकाशी मोडलं, इंडिकेटर वाकला. मला खरचटलंही नाही. उभी करायला मात्र वॉचमनला हाक मारावी लागली.

खर्च विसरलो असतो. पण त्या दिवसापासून गाडी काढण्याआधी मी विचार करायला लागलो. दोन किलोमीटरचं काम? सिंगल. पहाटे तासाभराची नुसतीच चक्कर? ती तर खरं म्हणजे ट्विनची वेळ, रस्ता मोकळा असतो. पण फळी आठवायची आणि हात सिंगलच्या चावीकडे जायचा. वर्षाअखेरीला दोन्ही ओडोमीटर बघितले. सिंगलचे साडेसहा हजार किलोमीटर झाले होते, ट्विनचे अठराशे, आणि त्यातलेही बाराशे दोनच मोठ्या फेऱ्यांचे. मधल्या काळात तिची बॅटरी दोनदा उतरली होती.

कोणी म्हणेल, हा दोष पार्किंगचा, सिलिंडरचा नव्हे. बरोबर आहे, आणि वजनाचं गणित सिलिंडर मोजून सुटतही नाही. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० सिंगल असून १९५ किलोच्या आसपास भरते, तर यामाहाची एमटी-०७ जवळजवळ दुप्पट सीसीची ट्विन असून १८५ च्या आत. तेव्हा आधी गाडी बघा, मग सिलिंडर. माझ्या दोघींमध्ये पन्नासेक किलोंचा फरक होता, तेही बरेचसे उंचावर, टाकी आणि इंजिनाच्या वरच्या अंगाला. चालत्या गाडीत हे वजन कुठे जातं कळत नाही. थांबली की सगळं परत येतं.

सिंगलचे बाकीचे गुण मग याच चष्म्यातून दिसायला लागले. गल्लीत यू-टर्न पाय न टेकता होतो. कच्च्या रस्त्यावर आडवी झाली तर हाक मारावी लागत नाही, मी एकटा उचलतो. पहिली पॅरिस-डाकार १९७९ मध्ये जिने जिंकली ती यामाहाची एक्सटी ५०० सिंगलच होती. वाळूत पडल्यावर एकट्याने उभी करता येण्याला तेव्हाही किंमत असणारच. अवगुण हा, की वरच्या गिअरमध्ये वेग फार खाली आला की ती हिसके देते, चेन खडखडते, आणि हाफ क्लचवर सांभाळून घ्यावी लागते. मला त्याची सवय आहे. नव्याने बसणाऱ्याला पहिला महिना वैताग येईल.

तुमचं पार्किंग सपाट आणि ऐसपैस असेल, मागे नेहमी कोणीतरी बसणार असेल आणि वर्षातून चार-पाच वेळा दिवसाला तीन-चारशे किलोमीटर व्हायचे असतील, तर ट्विन घ्या. माझ्या मुंग्या तुम्हाला का द्यायच्या? पण ट्रायल घेताल तेव्हा फेरी मारून आल्यावर लगेच चावी परत देऊ नका. इंजिन बंद करा, उतरा आणि गाडी जराशा चढावर मागे ढकलून बघा. एकट्याने, आणि जे बूट रोज घालता ते घालून. टाकी भरलेली असेल तर उत्तम. ट्रायलच्या गाडीत बहुधा तळाशी चार थेंब असतात, तेव्हा मनातल्या मनात दहा-बारा किलो वाढवा.

सिंगलच्या हँडलच्या टोकांना मी नंतर थरथर कमी करायला जड बार-एंड, म्हणजे वजनं, बसवले. मुंग्या जरा उशिरा येतात, करंगळी अजून तक्रार करते. आरसे होते तसेच आहेत.

ट्विन घ्यायला आलेला माणूस माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. गाडी बघितली, इंजिनाचा आवाज ऐकला, सीटवर बसला आणि बसल्या बसल्या पायांनी एका दमात मागे घेतली. मी फळी हातात धरून उभा. ही कशाला, त्याने विचारलं. सांगितलं, आणि मग फळीही त्यालाच देऊन टाकली.