हापूसची कलमं स्वतः राखावी, करारानं द्यावी, की विकावी?

"ताई, खालच्या अंगाची कलमं चौदा आण्यांवर आलीत. उतरवू?" फोन गावाहून होता. चौदा आणे म्हणजे फळ उतरवण्याइतकं तयार. मी डोंबिवलीहून ऑफिसात पोचून ताळेबंद जुळवत बसले होते आणि 31 मार्चला तीन दिवस उरले होते. थांबावं तर फळ झाडावर जास्त पिकून साका धरणार, म्हणजे गर आतून खराब होणार, उतरवावं तर पेट्या भरायला माणूस कोण? अकाउंट्सची नोकरी आणि हापूसची बाग, दोघींचा हंगाम एकाच वेळी येतो हे बाबा असेपर्यंत मला कळलंच नव्हतं.

राजापूर तालुक्यात आमची बासष्ट कलमं. बाबा गेल्यावर त्यांचं काय करायचं, हा प्रश्न मुंबई-ठाण्यातल्या निम्म्या कोकणी घरांत कधी ना कधी येतोच. वाटा तीन. पहिल्या दोन मी स्वतः चालून पाहिल्या, तिसरी माझा चुलतभाऊ चालला. ज्यांना यंदा ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

स्वतः राखणं

पैसे यातच सगळ्यांत जास्त दिसतात, कागदावर. हिशेब मांडताना लोक पेट्या गुणिले भाव करतात आणि तिथेच थांबतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या मोहोर संरक्षणाच्या वेळापत्रकात सहा फवारण्या आहेत. अवकाळी पाऊस झाला की मारलेली फवारणी धुऊन जाते, पुन्हा मारा. कातळावरच्या कलमांना पाणी डोक्यावरून न्यायचं. मग माकडांची राखण, झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, फळ उतरवणारे गडी, पेट्या, पेंढा, वाशीच्या बाजारापर्यंतचं भाडं, दलालाची आडत. शेवटी दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात येते आणि आपण डझनाला नक्की किती मिळाले हे दोनदा मोजतो, कारण पहिल्यांदा विश्वास बसत नाही. वर, हापूस एका वर्षी लागला की दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतो.

हे सगळं गावात राहणाऱ्याला जमतं. बाबा सकाळी चहा घेऊन एक फेरी मारायचे, तुडतुडे दिसले की त्याच दिवशी पंप बाहेर काढायचे. मी ती फेरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंतून मारत होते. तीन हंगाम केले. माझ्या सगळ्या रजा कोकण रेल्वेत संपल्या आणि मुलीच्या दहावीच्या परीक्षेत मी दोन दिवस बागेत होते. नफा झाला का? एका वर्षी झाला. माझ्या रजांची किंमत धरली तर त्याही वर्षी नाही.

तेव्हा ही वाट कोणाची? ज्याचा भाऊ, काका किंवा खात्रीचा माणूस गावात आहे त्याची. किंवा जो दोन-तीन वर्षांत निवृत्त होऊन तिथेच राहणार आहे त्याची.

करारानं देणं

हंगामाचं फळ ठरलेल्या रकमेला दुसऱ्याला द्यायचं. रक्कम आधी ठरते, डोक्याला ताप नाही, म्हणून बहुतेक जण इथे येतात. मीही आले. पण यात गोम अशी की फळ करारदाराचं आणि झाड आपलं. त्याला यंदाच्या फळाशी मतलब.

कल्टारचंच बघा, झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन. मोहोर लवकर आणि हमखास यावा म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ते मुळाशी देतात. प्रमाण झाडाच्या पसाऱ्याच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिलिलिटर. आमच्या पहिल्या करारदारानं किती ओतलं देव जाणे. त्या वर्षी फळ झकास लागलं. पुढच्या वर्षी पालवी आली ती मुठीसारखी आखडलेली, बोटभर लांबीची. आखूड फांद्यांवर मोहोराचे गच्च झुबके, आणि धरलं जवळपास काहीच नाही. त्याच्या जोडीला बांडगूळ. फांदीतून रस शोषणारं हे झाड वेळेवर छाटावं लागतं, पण एका वर्षासाठी आलेला माणूस त्यावर गडी का लावेल? तीन कलमांचे शेंडे वाळले. बाबांनी लावलेली होती ती.

म्हणून एक वर्षाचा करार करू नका. तीन वर्षांचा करा, म्हणजे पुढच्या वर्षाचं झाड त्याच्याही कामाचं राहतं. तोटा इतकाच की माणूस वाईट निघाला तर तीन वर्षं अडकता. त्यावर उपाय लिखापढीचा. कल्टार किती, कोणासमोर घालायचं, शेणखत कोणी द्यायचं, बांडगूळ कधी काढायचं, हे सगळं लिहून घ्या आणि थोडी अनामत ठेवून घ्या. आणि एक वाक्य वकिलाकडून नीट घालून घ्या: करार फक्त फळांचा आहे, जमिनीचा ताबा दिलेला नाही. कसणारा उद्या जमिनीवर हक्क सांगेल, ही कुळकायद्याची धास्ती जुन्या माणसांना उगाच नाही. सातबाऱ्यावर पीकपाहणी कोणाच्या नावे लागते तेही दर वर्षी बघा.

विकणं

इथे मी कमी बोलेन. मी विकलेली नाही आणि विकणाऱ्याला नावं ठेवणाऱ्यांतलीही नाही. मुलाचं शिक्षण, आजारपण, फ्लॅटचं कर्ज, ही कारणं खरी असतात.

फक्त हे माहीत असू द्या. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव क्वचित असतं. आमच्या उताऱ्यावर तीन आत्या आहेत. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तेव्हा "आत्या सही देईल" हे गृहीत धरू नका. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं आणि ते मागताना घरात जे बोललं जातं ते पुढे अनेक वर्षं लक्षात राहतं. दुसरं, 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. म्हणजे गिऱ्हाईक शेतकरीच हवं. आणि शेवटचा गुंठा विकून बसलात तर पुढे घेताना हाच प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. करात मात्र सवलत आहे. शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे विक्रीच्या नफ्यावर कर लागत नाही. आपलं गाव त्यात बसतं का, हे सीएला विचारा.

चुलतभावानं भाव चांगला मिळवला. जमिनीची मोजणी मात्र उशिरा आणली. घराकडून विहिरीवर जाणारी पायवाट विकलेल्या तुकड्यात गेली. आता तिथे चिऱ्याचा गडगा आहे आणि वहिनी गणपतीत पाण्याला वळसा घालून जाते.

मग मी काय केलं

तिन्हीत काही ना काही सुटतंच. राखताना रजा जातात आणि माणसं दुरावतात. करारात झाडावरची नजर जाते. विकताना परत यायची वाट जाते, कधी कधी शब्दशः. मला यातलं झाडावरची नजर अर्धी सोडणं परवडत होतं, रजा नाहीत आणि वाटही नाही.

पन्नास कलमं दुसऱ्या एका करारदाराला तीन वर्षांवर दिली, सोबत वरच्या अटी. घराभोवतीची बारा ठेवली. त्यांना दोनच फवारण्या. फळ डागाळतं, माकडं त्यांचा वाटा नेतात, उरलेलं आढीत घालून आम्ही आणि आत्या खातो. विकत नाही. पहिली दोन वर्षं "यंदा किती पेट्या?" असं कोणी विचारलं की जीभ चाचरायची. बाबांकडे त्या प्रश्नाला नेहमी आकडा तयार असायचा.

मे अखेर जाऊन आले. वरच्या अंगाला चार झाडांवर बांडगूळ दिसलं, लाल फुलं आलेलं. फोटो करारदाराला पाठवलेत. पाऊस लागायच्या आत काढलं नाही तर अनामतीतून कापणार, हेही खाली लिहिलंय.