तीन चाकांचा बफिंग सेट: चाकं घ्या, मोटर नको

लेथवर काढलेल्या लाकडी वस्तूंना चकाकी आणायचा तीन चाकांचा बफिंग सेट ऑनलाइन मागवला होता. पावसाळा आणि दिवाळी, दोन्ही त्याच्यावर काढून झाल्यावर लिहितोय. चाकं झकास, मेण त्याहून झकास, सोबत आलेली मोटर मात्र या कामाची नाही.

सेटमध्ये आठ इंची तीन कापडी चाकं आणि त्यांना लावायच्या पॉलिशच्या तीन वड्या येतात. तपकिरी ट्रिपोली, मग पांढरा व्हाइट डायमंड, शेवटी कार्नोबा मेण. व्हाइट डायमंडमध्ये हिरा शोधू नका, ती ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी असते. प्रत्येक वडीला स्वतंत्र चाक. एकदा ट्रिपोली लागलेलं चाक मेणाला वापरायचं नाही. सुरुवातीला नवी चाकं इतका कापूस उडवतात की कोपरखैरण्याच्या आमच्या रो-हाउसचा तळमजला गादीवाल्याचं दुकान वाटत होता. ८० नंबरचा पॉलिशपेपर फळीला चिकटवून फिरत्या चाकावर थोडा वेळ धरला, की हे थांबतं. पुढे चाक वडीच्या मळाने चोंदलं तरी तीच फळी कामाला येते.

आता मोटर. निवृत्त होईपर्यंत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत मोटरी आणि पंप दुरुस्त केले, त्यामुळे माझी नजर आधी नेमप्लेटवर जाते. तिथे मिनिटाला २८५० फेऱ्या! परदेशी व्हिडिओंत १७२५ सांगतात, तो त्यांच्या ६० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या चार पोल (चुंबकी ध्रुव) मोटरचा आकडा. आपल्या ५० हर्ट्झवर चार पोल मोटर १४४० च्या आसपास फिरते आणि आठ इंची चाकाला तेवढं भरपूर होतं. कडेचा वेग सेकंदाला १५ मीटर पडतो. २८५० वर तो ३० मीटर होतो. लाकडावरचं लॅकर, म्हणजे चकचकीत लेप, तापून मऊ पडतं, नाजूक कडा झिजतात आणि वस्तू हातातून हिसकली गेली तर भिंतीपर्यंत जाते. दुकानदाराला फोन केला, तर म्हणे, ‘काका, स्पीड जास्त तर शाइन जास्त.’ बरं बाबा. वागळे इस्टेटमधून अर्ध्या एचपीची १४४० वाली जुनी मोटर आणली, बेअरिंग बदलले आणि चाकं तिच्यावर चढवली.

त्यानंतर या सेटचा खरा गुण दिसला. शिसवीचा कुंकवाचा करंडा घेतला, ४०० नंबरपर्यंत घासलेला, वर लॅकरचे पातळ हात देऊन पूर्ण वाळवलेला. चाकाचा पुढचा भाग आपल्याकडे खाली येतो, म्हणून वस्तू मध्यरेषेच्या खाली धरायची आणि झाकणाची कड कधी चाकाच्या तोंडावर द्यायची नाही. ट्रिपोलीने लॅकरचा कचकड्यासारखा चमचमाट जातो. व्हाइट डायमंडने शिसवीच्या काळ्या रेषा आतून वर आल्यासारख्या दिसतात. मेण अगदी कमी लावायचं, वडी चाकाला टेकवली न टेकवली इतकंच. कार्नोबा साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, ती उष्णता घर्षणातूनच मिळते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे लाकडी खेळण्यांचे कारागीर फिरत्या खेळण्यावर लाखेची कांडी टेकवतात, त्यातही हीच युक्ती आहे. चकाकीला ते केवड्याचं पान वापरतात आणि त्यांना नेमप्लेट वाचावी लागत नाही.

घासकाम कच्चं असेल तर बफ ते झाकत नाही, उलट प्रत्येक रेघोटी उजेडात आणतो. सागासारख्या उघड्या रंध्रांच्या आणि फिक्या लाकडांवर ट्रिपोलीचा तपकिरी मळ रंध्रांत अडकतो. तिथे मी थेट पांढऱ्या वडीपासून सुरुवात करतो. जवसाच्या तेलाचा हात दिला असेल तर तो पुरता सुकू द्या, पावसाळ्यात त्याला जास्तच वेळ लागतो. ट्रिपोलीत सिलिका असते, म्हणून मास्क हवाच. हातमोजे नकोत, लांब बाह्या नकोत, आणि बायकांनी ओढणी काढूनच उभं राहावं.

आमच्या हिने लाटण्याला हीच चकाकी मागितली. नाही म्हटलं. पाण्याचे थेंब पडून राहिले की मेणावर पांढुरके डाग उठतात, रोज सिंकमध्ये जाणाऱ्या वस्तूचं हे काम नव्हे. करंडे, पेन, भोवरे, बुद्धिबळाची प्यादी यांना मात्र तोड नाही.

वाडग्याच्या आतल्या बाजूसाठी घुमटाकार छोटा बफही सोबत येतो. त्याची शिवण लवकरच उसवली. मी चपला शिवायच्या दोऱ्याने पुन्हा घातली, ती टिकलीये. चाकं आणि वड्या सुट्या मिळत असतील तर तेवढंच मागवा. १४४० ची मोटर स्वतः बघून घ्या, आणि मेणाची एक वडी जास्तीची ठेवायची गरज नाही, पहिलीच निम्मीसुद्धा संपलेली नाही.