रामटेक की काटोल? नागपूर सोडून लहान गावी जाणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

नागपुरातला किराया परवडेनासा झाला किंवा निवृत्तीनंतर फ्लॅटमध्ये जीव रमेनासा झाला, की घरात बहुधा दोन गावांची नावे निघतात: रामटेक आणि काटोल. कामठीला मी या तुलनेत धरलेले नाही, कारण मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात ऑटोमोटिव्ह चौकापुढची मार्गिका कामठीवरून कन्हान नदीपर्यंत जाणार असल्याने ते आता शहराचेच टोक मानले पाहिजे. उमरेड हे कोळशाच्या खाणींचे गाव असून त्याची चाल निराळी आहे, म्हणून तेही बाजूला ठेवतो.

पहिला प्रश्न घराच्या किमतीचा वाटतो, परंतु माझ्या मते तो दुसरा आहे. नागपूरच्या कोणत्या बाजूला आणि आठवड्यातून किती वेळा यावे लागणार, हे आधी ठरवावे. रामटेक ईशान्येला सुमारे 50 किलोमीटरवर आहे. जबलपूर रस्त्याने कामठी, कन्हान मागे टाकत मनसरपर्यंत जायचे आणि तिथून उजवीकडे वळायचे. काटोल वायव्येला सुमारे 60 किलोमीटरवर आहे. अंतर रामटेकचे कमी आणि मनसरपर्यंतचा रस्ताही चौपदरी, त्यामुळे तेच सोयीचे असे वाटते. मात्र ज्याची नोकरी सिव्हिल लाइन्स किंवा सदर भागातल्या कचेऱ्यांत आहे, तो काटोल नाक्यावरून थेट कामाच्या ठिकाणी उतरतो, तर रामटेकहून येणाऱ्याला कामठी रोडची सकाळची गर्दी पार करावी लागते. याउलट इतवारी, गांधीबागेत दुकान किंवा नोकरी असलेल्याला रामटेक बरे, कारण रामटेकची गाडी कन्हानमार्गे इतवारी स्थानकातच येते. काटोल नागपूर–इटारसी या मुख्य मार्गावर असल्याने तिथली गाडी नागपूरच्या मोठ्या स्थानकावर सोडते, आणि रामटेकच्या रेल्वे फाट्यावर जशा मोजक्याच पॅसेंजर धावतात तशी अडचण इथे येत नाही. तरी मुख्य मार्गावरची प्रत्येक गाडी काटोलला थांबत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. मिहान किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक भागात रोज जाणाऱ्याने यांपैकी एकाही गावाच्या फंदात पडू नये, कारण ही दोन्ही ठिकाणे शहराच्या दक्षिणेला आहेत.

आता हिशेब करू. महिन्याला 25 दिवस रामटेकहून जाऊन-येऊन 2,500 किलोमीटर होतात आणि काटोलहून 3,000. मोटारसायकल लिटरमागे 50 किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल ढोबळमानाने 100 रुपये लिटर धरले, तर अनुक्रमे 5,000 आणि 6,000 रुपये लागतात. 15 किलोमीटर देणारी मोटार असेल तर हाच आकडा सुमारे 16,700 आणि 20,000 रुपयांवर जातो. म्हणजे रोज मोटारीने जाणाऱ्याची किरायातली बचत टाकीतच रिकामी होते. एसटीने जाणाऱ्याचे गणित वेगळे आहे: 2023 च्या मार्चपासून महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे तिकीट आहे आणि 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. निवृत्त जोडप्याला महिन्यातून दोनदा तपासणीसाठी आणि एकदा नातवंडांकडे यायचे असेल, तर अंतराचा हा सगळा बाऊ जवळजवळ संपतो.

घराकडे वळू. ज्यांना अंगण, ओसरी आणि मागे परसबाग असलेले जुने घर हवे आहे, त्यांना रामटेकच्या जुन्या वस्तीत अशी घरे दिसतात आणि त्यांच्या किमती ऐकून नागपूरकराला मोह पडतो. मीही एकदा असे घर पाहायला गेलो होतो. दारातून आत शिरताच भिंतीवर विजेची तीन मीटरे दिसली, तीन चुली, तीन नळ; घरमालकांनी मोठ्या प्रेमाने चहा दिला आणि मधला हिस्सा विकायचा असल्याचे सांगितले. नंतर आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी उतारा, काढली तेव्हा तिच्यावर अकरा नावे होती, त्यांतली दोन माणसे हयात नव्हती आणि वाटणी कागदावर कधी झालीच नव्हती. भिंती घालून झालेली वाटणी खरेदीखताला चालत नाही. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या आणि मृतांच्या वारसांची नोंद झाल्याशिवाय इसाराची रक्कमसुद्धा देऊ नये. जागा नझूलची, म्हणजे सरकारने पट्ट्याने दिलेली, असेल तर पट्ट्याची मुदत आणि नूतनीकरण तपासावे, आणि ही खबरदारी विदर्भातल्या कोणत्याही जुन्या गावात सारखीच लागू आहे. कवेलूचे (कौलांचे) छत असेल तर आणखी एक खर्च धरावा, तो माकडांचा. गडाकडून उतरणाऱ्या टोळ्या छपरावरून उड्या मारत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर फुटलेली कवेलू बदलण्यासाठी दरवर्षी माणूस शोधावा लागतो. म्हणूनच अनेकांनी आता पत्रे घातले आहेत, ज्यामुळे घर उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते.

काटोलला जुन्यापेक्षा नव्या लेआउटमधले घर घेण्याकडे लोकांचा कल दिसतो आणि तिथे पाहायच्या गोष्टी निराळ्या आहेत. त्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया उथळ असलेल्या घराच्या भिंतींना तिरप्या भेगा पडतात. रंग नुकताच दिलेला असेल तर दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यांवर आणि जोत्यावर विशेष नजर टाकावी. दुसरी गोष्ट पाण्याची. काटोल, नरखेड, वरूड हा संत्र्याचा पट्टा आहे, बागा जगवण्यासाठी वर्षानुवर्षे बोअर खणले गेल्याने भूजल खोल गेले आहे, तेव्हा ‘बोअरला भरपूर पाणी आहे’ हे वाक्य दिवाळीत ऐकले असेल तर मे महिन्यात पुन्हा जाऊन खात्री करावी. रामटेकची बाजू धानाची, तलावांची आणि कालव्यांची. खिंडसी तलाव जवळच आहे. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मी रामटेकला झुकते माप देतो, तरी नळ किती वेळ येतो हे शेजारच्या बाईंनाच विचारावे, विकणाऱ्याला नव्हे.

उन्हाळ्यात दोन्ही गावे सारखीच. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदले गेले होते, आणि डोंगर व तळी आहेत म्हणून रामटेकला कूलर लागत नाही असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

दवाखान्याबाबत फार लिहिण्यासारखे नाही: ताप, बाळंतपण, लहानसहान इजा गावातल्या सरकारी रुग्णालयात निभावते, परंतु हृदयविकार किंवा मोठा अपघात असेल तर दोन्हीकडून रुग्णाला नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणावे लागते. घरात हृदयरोगी असेल तर मी कोणत्याच गावाची शिफारस करणार नाही.

परंपरेच्या दृष्टीने पाहिले तर रामटेकला तोड नाही. गडावरचे राममंदिर, अंबाळा तलावाकाठची देवळे, जवळच वाकाटकांच्या काळाशी नाते सांगणारे नगरधन आणि 1997 मध्ये स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ यांमुळे गावाला स्वतःची चाल आहे. रामनवमीला आणि कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला यात्रेकरूंनी रस्ते भरून जातात, तेव्हा दारासमोर गाडी लावता येत नाही. ज्याला हे आवडते त्याच्यासाठी तो उत्सव आहे, बाकीच्यांसाठी वर्षातून काही दिवसांचा वैताग. काटोल बाजाराचे गाव आहे. संत्र्याच्या आंबिया आणि मृग या दोन बहारांभोवती तिथले बोलणे फिरते, संत्र्याचा भाव पडला की किराणा दुकानातली उधारी वाढते, आणि बाहेरून आलेल्या माणसाला कामधंद्याच्या ओळखीने तिथे लवकर सामावून घेतले जाते. पारंपरिकपणाची एक न रुचणारी बाजूही सांगितली पाहिजे: लहान गावात घर किरायाने मागताना आडनाव आणि मूळ गाव आधी विचारले जाते, खोली नंतर दाखवली जाते. हे दोन्हीकडे घडते, आणि ज्यांना याचा अनुभव नाही त्यांना तो पहिल्याच दिवशी येऊ शकतो.

माझे मत विचाराल तर निवृत्तांनी आणि घरून काम करणाऱ्यांनी रामटेक निवडावे, सिव्हिल लाइन्स-सदर भागात रोज जाणाऱ्यांनी काटोल, आणि मुले दहावी-बारावीत असतील तर दोन वर्षे थांबावे, कारण शिकवणी वर्गांसाठी त्यांना नागपूरलाच धाडावे लागेल. घर विकत घेण्याआधी मात्र वर्षभर किरायाने राहावे. ते वर्ष मार्चमध्ये सुरू करावे, म्हणजे मेमधले पाणी, आषाढातले छत आणि कार्तिकातली यात्रा नागपूरचे घर हातचे जाण्याआधीच पाहून होईल.