इम्प्लांटच्या कानात वाचलेला खर्ज: काही महिने वापरल्यावर

आधी माझे कान सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून पाहता येईल. उजवीकडे कॉक्लियर इम्प्लांट (आतल्या कानात बसवलेल्या इलेक्ट्रोडवरून श्रवणनसेला विजेचे संकेत देणारं यंत्र), डावीकडे श्रवणयंत्र. दोन्ही कानांना साधारण ५०० हर्ट्झपर्यंतचं बऱ्यापैकी ऐकू येतं, त्यावरचं जवळपास गेलेलं. उजवीकडचा खर्ज, म्हणजे खालच्या पट्टीतलं ऐकू येणं, ऑपरेशनमधून वाचला, म्हणून इम्प्लांटच्या बाहेरच्या प्रोसेसरला जादा रिसीव्हर (छोटा स्पीकर) आणि इयरमोल्ड (कानात बसणारा साचा) जोडून मिळाला. खालच्या पट्टीतला आवाज मोठा होऊन कानातून जातो, वरचा इलेक्ट्रोडवरून. मी लिहितेय ते फक्त या जोडणीबद्दल.

शांत खोलीत समोरासमोर बोलताना मला काही फरक जाणवला नाही. ऑडिओलॉजिस्टकडच्या आवाजबंद बूथमधल्या शब्दांच्या चाचणीतही गुण तेवढेच. एवढ्यावर कुणी ही जोडणी काढून ठेवली तर नवल नाही.

खरी गंमत चारपाच जण एकदम बोलायला लागले की कळते. ऑडिओलॉजिस्टकडून मी दोन प्रोग्राम करून घेतलेत, एक रिसीव्हर चालू, एक बंद. भरल्या टेबलावर बंद केला की सगळे आवाज एकाच ढिगात पडतात. चालू केला की डाव्या हाताच्या माणसाचं बोलणं त्यातून सुटं होतं. आवाज वाढत नाही, सुटा होतो. मागून जाड आवाजात हाक आली की आता मान बहुतेक वेळा बरोबर बाजूला वळते. मोबाइलची बारीक रिंग मात्र अजून उजवीकडेच वाजल्यासारखी वाटते, कारण माझ्या डाव्या कानाला ती पोचतच नाही.

हे का होतं? डावीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो, जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंद. साधारण १५०० हर्ट्झच्या खाली मेंदू हा उशीर फार बारकाईने मोजतो. इम्प्लांटच्या नेहमीच्या प्रोसेसिंगमध्ये आवाजाच्या जोराचा चढउतार पुढे जातो, लाटेची ही बारीक वेळ गळते. म्हणून दोन्हीकडे इम्प्लांट असलेलेही दिशा ठरवतात ती मुख्यतः कुठल्या कानाला आवाज जोरात येतो त्यावर. खर्जाला डोकं फारसं अडवत नाही, त्यामुळे तिथे जोरातला फरक नावापुरताच. म्हणजे वेळेचा हिशेब जमायला दोन्ही कानांत थोडा तरी स्वतःचा खर्ज लागतो. एका कानात असून भागत नाही.

आता त्रास. इयरमोल्डने कान बंद होतो आणि स्वतःचं बोलणं माठात तोंड घालून बोलल्यासारखं घुमतं. कुरकुरीत काही चावताना तर समोरच्याचं ऐकूच येत नाही. मोल्डचं छिद्र मोठं केलं की घुमणं कमी होतं, पण जो खर्ज आत पोचवायचा तोच बाहेर गळतो. आम्ही मधलं माप काढलं, तेही पूर्ण पटलेलं नाही. रिसीव्हरची जाळी मळाने बुजते, बॅटरीही लवकर उतरते.

ऑपरेशनमध्ये वाचलेलं ऐकू काहींचं पुढे हळूहळू कमी होतं, हे मला आधीच सांगितलं होतं. त्यामुळे उजव्या कानाचा वेगळा ऑडिओग्राम (कुठल्या पट्टीत किती ऐकू येतं त्याचा आलेख) ठरावीक काळाने करून घेतेच. एकदा खर्ज अचानक बसल्यासारखा वाटला आणि पोटात गोळा आला; निघाली बुजलेली जाळी. ऑडिओग्राम खरंच उतरला तर मॅप (प्रोसेसरचं सेटिंग) बदलून तो पट्टाही इलेक्ट्रोडवर घेता येतो, म्हणजे बोलणं कळण्याची सोय राहते. दिशेचं मात्र अवघड होईल.

या जोडणीची ट्रायल घेणार असाल तर चाचणी शांत बूथमध्ये उरकू देऊ नका. चहूबाजूंनी गोंगाट लावून, दुसऱ्या कानाचं श्रवणयंत्र चालू ठेवून, रिसीव्हरसह आणि रिसीव्हरशिवाय करा म्हणा.