कामावरून काढल्यावर शपथपत्र कुठे करावं: टायपिंगवाल्याकडे, युनियनमध्ये की वकिलाकडे?

माझ्या मावसभावाला भोसरीतल्या एका कारखान्यानं तोंडी सांगून घरी बसवलं. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच. नोटीस नाही, चौकशी नाही. कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यानं तयार मसुद्यात त्याचं नाव घालून तासाभरात शपथपत्र हातात दिलं. त्यात लिहिलं होतं, "गेली 10 वर्षे सलग नोकरी." पीएफच्या पासबुकात कंपनीची पहिली नोंद मात्र 8 वर्षांपूर्वीची. आधीची दोन वर्षं तो त्याच शेडमध्ये, पण ठेकेदाराच्या नावावर होता. हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलानं नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि खरं बोलणारा माणूस सगळ्यांदेखत अडखळत राहिला. तो दिवस मी विसरलेलो नाही.

कामगार न्यायालयात पुराव्याचं शपथपत्र हीच बहुतेक वेळा तुमची सरतपासणी असते. पिंजऱ्यात उभं राहून जे सांगितलं असतं, ते त्यात लिहिलेलं असतं आणि त्यातल्या कुठल्याही वाक्यावर प्रश्न येऊ शकतो. पर्याय निवडताना हेच डोक्यात ठेवा.

टायपिंगवाला स्वस्त आणि झटपट. रहिवासाच्या वगैरे शपथपत्राला तो पुरेसा आहे, नोकरीच्या दाव्याला नाही. त्याच्या मसुद्यात "बेकायदेशीर", "मनमानी", "नैसर्गिक न्यायतत्त्वांच्या विरुद्ध" हे शब्द ठासून भरलेले असतात, पण कुठल्या तारखेला, कुणी, कुठे, काय सांगितलं ते नसतं. बेकायदेशीर होतं की नाही ते न्यायालय ठरवेल. तुम्ही घटना सांगायची.

युनियनची ताकद वेगळी. मस्टर म्हणजे हजेरीपट कोण भरतं, तुमच्याबरोबर आणखी कुणाला कमी केलं, साक्षीला कोण उभं राहील, हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं. ही माहिती कुठलाही वकील स्वतः मिळवू शकत नाही. एकच काळजी घ्या: दहाजणांना एकदम काढलं असेल, तर दहाही शपथपत्रं नाव बदलून एकसारखी निघण्याचा धोका असतो. तुमचं काम, पगार, तारीख वेगळी असेल तर शपथपत्रही वेगळंच हवं.

माझं मत वकिलाच्या बाजूनं आहे, पण हात हलवत गेलात तर तोही साचाच वापरेल. फीची धास्ती असेल तर एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा: विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा. मुदत किती उरली आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रारीला 90 दिवसच असतात.

जाण्याआधी एक वही करा. कामावर कधी लागलात, ठेकेदाराकडे किती आणि कंपनीकडे किती, शेवटचा पगार किती. हुद्दा "सुपरवायझर" असला तरी प्रत्यक्षात मशीन चालवत होतात का, हे सविस्तर लिहा, कारण तुम्ही कायद्याच्या अर्थानं कामगार आहात की नाही हा वाद त्यावरच ठरतो. काढण्याआधीच्या 12 महिन्यांत कामाचे 240 दिवस भरले का ते मोजा; तेवढे भरले तरच कायद्यात वर्षभराची सलग नोकरी धरतात. त्याच्या पुराव्यासाठी पगाराच्या स्लिपा, बँकेच्या नोंदी, ईएसआय कार्ड जोडा. नुसत्या शपथपत्रानं 240 दिवस सिद्ध होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. कागद कंपनीच्याच ताब्यात असतील तर मस्टर हजर करण्याचा अर्ज वकिलाला द्यायला लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला असेल तर तो फोन जपा. तो पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जोडायचं, प्रमाणपत्र लागेल.

तोंडी काढलं असेल तर कंपनी हमखास म्हणते, "तोच यायचा बंद झाला." म्हणून गेटवर परत गेलात तो दिवस, सुरक्षारक्षकानं अडवल्याची वेळ, पोस्टानं पाठवलेल्या पत्राची पोचपावती, हे सगळं शपथपत्रात यायलाच हवं.

आणि काढल्यापासून दुसरी कायम नोकरी मिळाली नाही, हे वाक्य. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मागचा पगार हवा असेल तर आपण कुठे कमावत नव्हतो हे मांडावं, किमान शपथेवर सांगावं; मग उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. मधे महिनाभर रिक्षा चालवली असेल तर तेही लिहा. लपवलेलं बाहेर आलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो, शिवाय न्यायालयीन कामकाजात जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्यास भारतीय न्याय संहितेत 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

भाषा मराठीच ठेवा. इंग्रजी मसुदा करायचाच असेल, तर मराठीत वाचून समजावल्याचा शेरा खाली घालून घ्या आणि खरोखर वाचून घ्या.

शपथ नोटरीसमोर की न्यायालयातल्या अधिकाऱ्यासमोर? कायद्यानं दोन्ही चालतं. नोटरीकडे वेळ वाचतो, न्यायालयात ओळख पटवायला वकील सोबत लागतो. कुठेही गेलात तरी सही त्याच्या समोर करा, घरून करून नेऊ नका, आणि प्रत्येक पानावर करा.